पाण्याखाली भूलतज्ज्ञ नसतो

शस्त्रक्रियागृहातील भूल देण्याच्या यंत्राला एक पारदर्शक डबा जोडलेला असतो. त्यात साबुदाण्याएवढे पांढरे खडे भरलेले असतात. हे सोडा लाइम. रुग्णाने सोडलेला श्वास या खड्यांमधून जातो, त्यातला कार्बन डायऑक्साइड खडे शोषून घेतात, शरीराने वापरलेल्या ऑक्सिजनची भरपाई केली जाते आणि तीच हवा रुग्णाला परत मिळते. खड्यांची ताकद संपत आली की त्यांचा रंग जांभळा होतो. भूलतज्ज्ञ या रंगाकडे लक्ष ठेवतात, पण केवळ त्यावर विसंबत नाहीत. यंत्र काही वेळ बंद राहिले तर जांभळे खडे पुन्हा पांढरट दिसू लागतात, हे त्यांना ठाऊक असते. म्हणून त्यांची नजर कार्बन डायऑक्साइडच्या आलेखावर, ऑक्सिजनच्या आकड्यावर, रुग्णाच्या नाडीवर आणि ओठांच्या रंगावरही फिरत असते.

याच तत्त्वाचे यंत्र पाठीवर बांधून समुद्रात उतरतात, तेव्हा त्याला क्लोज्ड सर्किट रीब्रीदर म्हणतात. भूलयंत्रे बनवणाऱ्या जर्मनीच्या ड्रेगर कंपनीने खाणीतल्या बचावपथकांसाठी आणि पाणबुड्यांसाठीही अशीच उपकरणे बनवली, ती उगाच नव्हे. फरक एवढाच की पाण्याखाली रुग्ण आणि भूलतज्ज्ञ ही दोन्ही कामे एकाच माणसाला करावी लागतात. शिवाय त्याच वेळी त्याला पोहायचे असते, वाट शोधायची असते आणि मासेही बघायचे असतात.

मालवण-तारकर्लीच्या समुद्रात पहिली बुडी मारून या छंदाला लागलेले लोक पुढे अंदमान, लक्षद्वीप, मालदीव, लाल समुद्र अशी मजल मारतात. त्यातल्या काहींना कधी ना कधी रीब्रीदरची ओढ लागते. मग चर्चा सुरू होते ती कोणता ब्रँड चांगला, कोणता पडदा स्पष्ट, कोणाची बॅटरी जास्त टिकते याची. महागडा कॅमेरा घेताना होते तशी. वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर ही चर्चा चुकीच्या टोकाकडून सुरू होते. रीब्रीदर निवडताना पहिला प्रश्न यंत्राचा नसून ते वापरणाऱ्या माणसाचा आहे. यंत्राचा क्रमांक त्यानंतर लागतो.

आधी या यंत्राचा फायदा काय ते प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. साध्या स्कूबामध्ये टाकीतली हवा एकदा श्वासात घेतली की उच्छ्वासाबरोबर बुडबुडे होऊन निघून जाते. आत घेतलेल्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर सोडलेल्या हवेतही १६-१७ टक्के शिल्लक असतो. म्हणजे बहुतेक ऑक्सिजन वायाच जातो. खोली वाढली की ही उधळपट्टीही वाढते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागत असेल, तर ३० मीटर खोलीवर दाब चौपट असल्याने टाकीतून ८० लिटर खर्च होतात. १२ लिटरची टाकी २०० बार दाबाने भरली तर त्यात २४०० लिटर हवा मावते. ती ३० मीटरवर जेमतेम अर्धा तास पुरेल, आणि तीही परतीसाठी काही राखून न ठेवता.

शरीराला प्रत्यक्षात लागणारा ऑक्सिजन मात्र खोलीनुसार बदलत नाही. सावकाश पोहणाऱ्याला मिनिटाला साधारण एक लिटर पुरतो. रीब्रीदर तेवढाच ऑक्सिजन घालतो. त्यामुळे तीन लिटरच्या छोट्या टाकीतील ६०० लिटर ऑक्सिजन कागदावर १० तास पुरतो. प्रत्यक्षात सोडा लाइम त्याच्या खूप आधी संपते. तरीही दोन-तीन तास पाण्याखाली राहता येते, श्वासाची हवा कोमट आणि दमट राहते, बुडबुडे नसल्याने मासे बुजत नाहीत. हवाईच्या बिशप म्युझियमचे मत्स्यशास्त्रज्ञ रिचर्ड पाइल यांच्यासारख्या संशोधकांनी ६० ते १५० मीटरच्या अंधूक पट्ट्यातील प्रवाळांवरचे, विज्ञानाला अज्ञात असलेले मासे शोधले ते याच यंत्राच्या बळावर. ज्याचे काम असे आहे, त्याच्यासाठी रीब्रीदर ही चैन नव्हे. पण ज्याला वर्षातून एकदा, आठवडाभराच्या सुट्टीत, १५-२० मीटरवर प्रवाळ पाहायचे आहेत, त्याला साध्या टाकीने न मिळणारे असे काय हवे आहे, हा प्रश्न त्याने पैसे मोजण्यापूर्वी स्वतःला विचारला पाहिजे. बहुतेकांचे प्रामाणिक उत्तर ‘काही नाही’ असेच येईल.

आता धोक्याकडे वळू. साध्या स्कूबात बिघाड झाला तर तो बहुधा लगेच कळतो. हवा संपत आली तर श्वास ओढायला जड जातो, नळी फुटली तर बुडबुड्यांचा लोट उठतो. रीब्रीदरमध्ये श्वास सहज चालू राहतो आणि तरीही त्या श्वासात जगण्यापुरता ऑक्सिजन नसू शकतो. याचे कारण यंत्रात नाही, आपल्या मेंदूच्या रचनेत आहे. श्वास कोंडल्याची जी तगमग आपल्याला होते, ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साचल्यामुळे. ऑक्सिजन कमी झाल्याची स्वतंत्र, खणखणीत घंटा शरीरात जवळजवळ नाहीच. कोविडच्या काळात हे घराघरांत दिसले. ऑक्सिजनची पातळी ८० च्या खाली गेलेला रुग्ण फोनवर व्यवस्थित बोलत असे आणि त्याला काही होत नाही म्हणून नातेवाईक निर्धास्त असत. बोटाला ऑक्सिमीटर लावल्यावरच धक्का बसे. रीब्रीदरमधले सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड काढून टाकते, म्हणजे शरीराची हीच घंटा काढून घेते. मग ऑक्सिजनचा झडपमार्ग अडकला, टाकीची चावी उघडायची राहिली किंवा बॅटरी संपली, तरी पाणबुड्याला दम लागत नाही. तो शांतपणे बेशुद्ध होतो.

उलट बाजूलाही तितकाच धोका आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ सालीच दाखवून दिले होते की दाबाखालचा ऑक्सिजन मज्जासंस्थेला विष ठरतो आणि आकडी येते. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हेन्री फ्ल्यूस यांनी पहिला कामचलाऊ रीब्रीदर बनवला आणि १८८० मध्ये अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या तो लावून सेव्हर्न नदीखालच्या, पाण्याने भरलेल्या बोगद्यात दरवाजा बंद करायला गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलासाठी डॉ. केनेथ डोनाल्ड यांनी स्वयंसेवक पाणबुड्यांवर केलेल्या चाचण्यांत आणखी एक अस्वस्थ करणारी गोष्ट आढळली. एका माणसाला चालणारा ऑक्सिजनचा दाब दुसऱ्याला चालत नाही. इतकेच नव्हे, तर एकाच माणसाला सोमवारी चाललेला दाब गुरुवारी चालेलच असेही नाही. आपल्या आयुष्याची अखेरची वर्षे भारतात, भारतीय नागरिक म्हणून काढणारे आणि १९६४ साली भुवनेश्वरमध्ये निधन पावलेले जे. बी. एस. हाल्डेन यांनीही ‘थेटिस’ या पाणबुडीच्या १९३९ मधील दुर्घटनेनंतर असेच प्रयोग स्वतःच्या शरीरावर केले होते. ऑक्सिजनमुळे येणारी आकडी त्यांनीही भोगली. जमिनीवर आकडी येऊन जाते. पाण्याखाली तोंडातली नळी सुटते आणि माणूस बुडतो.

तिसरा शत्रू कार्बन डायऑक्साइड. खडे नीट भरले नाहीत, मध्ये पोकळी राहिली, पाणी शिरले किंवा खडे जुने झाले तर तो न शोषला जाता परत येतो. डोके दुखते, धाप लागते, घाबरल्यासारखे होते आणि नेमका निर्णय घेण्याच्या क्षणी बुद्धी मंदावते. पण खडे चांगले असूनही हा वायू साचू शकतो, हे अनेकांना माहीत नसते. दक्षिण आफ्रिकेतील बुशमन्स होल या पाण्याने भरलेल्या खोल गुहेत ८ जानेवारी २००५ रोजी डेव्ह शॉ हा ऑस्ट्रेलियन पाणबुड्या सुमारे २७० मीटरवर मरण पावला. दहा वर्षांपूर्वी तिथे बुडालेल्या एका तरुणाचा मृतदेह वर आणण्यासाठी तो उतरला होता. शॉ व्यवसायाने वैमानिक, म्हणजे नियम आणि तपासण्यांच्या शिस्तीत वाढलेला. त्याच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात त्याचा वाढत गेलेला श्वास नोंदला गेला. पुढे डॉक्टरांनी त्याचा अभ्यास केला. इतक्या खोलीवर वायू घट्ट होतो आणि फुप्फुसांतून बाहेर ढकलणेच कठीण जाते. दोरीच्या गुंत्यातून सुटण्यासाठी त्याने जितका जोर लावला, तितका कार्बन डायऑक्साइड त्याच्या शरीरात साचत गेला. तिथे फुप्फुसांची मर्यादा आधी आली. दुकानातले कोणतेही मॉडेल ती मर्यादा वाढवून देत नाही.

एकूण चित्र काय सांगते? ऑस्ट्रेलियातील डॉ. अँड्र्यू फॉक यांनी १९९८ ते २०१० या काळातील हौशी रीब्रीदर पाणबुड्यांच्या १८१ मृत्यूंचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. साध्या स्कूबाच्या तुलनेत रीब्रीदरमध्ये मृत्यूचा धोका चार ते दहा पट असल्याचा त्यांचा अंदाज होता. त्याहून महत्त्वाचे निष्कर्ष पुढे आहेत. कोणताही एक ब्रँड या मृत्यूंमध्ये विशेष जास्त आढळला नाही. हाताने ऑक्सिजन घालण्याची यंत्रे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रे यांच्यातही तसा फरक दिसला नाही. साधारण दोनतृतीयांश मृत्यूंचा संबंध मात्र धोकादायक वागण्याशी होता. त्यात यंत्र इशारा देत असताना किंवा बिघाड माहीत असतानाही बुडी सुरू करणे किंवा चालू ठेवणे हेही होते. ‘कोणते मॉडेल घेऊ?’ या प्रश्नाला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण आहे.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. तेव्हापासून यंत्रे सुधारली, सेन्सर सुधारले, डोळ्यासमोर दिवे लुकलुकतात, हातावरचा संगणक कंप पावतो. हे खरे आहे. पण इशाऱ्याचा उपयोग तो पाळणाऱ्यालाच होतो. पूर्वी जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर शहाणा माणूस उतरत नसे. रीब्रीदरमधील ऑक्सिजन सेन्सर म्हणजे असे कंदील आहेत आणि बहुतेक यंत्रांत ते तीन असतात. तिघांपैकी दोघांचे जुळले की यंत्र ते खरे मानते. अडचण अशी की हे सेन्सर रासायनिक असतात, वापरले नाहीत तरी म्हातारे होतात आणि एकाच वेळी विकत घेतलेले तीन सेन्सर एकाच वेळी थकू शकतात. मग दोन चुकीचे मिळून एका बरोबर सेन्सरला बहुमताने हरवतात आणि यंत्र नको असलेला ऑक्सिजन घालत राहते. हे ओळखणारा शेवटी माणूसच असतो. त्यासाठी दर काही मिनिटांनी आकडे पाहण्याची आणि शंका आली तर यंत्र सोडून देण्याची सवय हवी.

एवढे समजून घेऊनही ज्याची गरज खरी आहे, त्याने यंत्र कसे पारखावे? सर्वांत आधी पाहावे सुटकेचे साधन. रीब्रीदर बंद पडला तर श्वास घेण्यासाठी वेगळी, पुरेशी भरलेली साधी टाकी सोबत असलीच पाहिजे. तोंडातली नळी न काढता एका झटक्यात त्या टाकीवर जाता येईल अशी झडप असेल तर उत्तम. कार्बन डायऑक्साइड चढलेल्या माणसाला धाप लागलेली असते, नळी बदलण्यासाठी क्षणभर श्वास रोखणेही त्याला जमत नाही. बेशुद्ध झाल्यावर नळी तोंडात टिकवून धरणारा पट्टा काहींना अवजड वाटतो, पण आकडी आलेल्या माणसाला बुडण्यापासून वाचवण्याची काही संधी तोच देतो.

त्यानंतर श्वासाचा भार. हवा साठवणाऱ्या पिशव्या पाठीवर असल्या की छातीवर मोकळे वाटते, पण आडवे पोहताना श्वास आत ओढायला जास्त जोर लागतो. छातीवर असल्या की उलट होते. दुकानात कोरड्यात दोन श्वास घेऊन हे कळत नाही, पाण्यातच अजमावले पाहिजे. यंत्राची युरोपीय मानक ईएन १४१४३ नुसार चाचणी झाली आहे का, सोडा लाइम त्या मानकाप्रमाणे किती वेळ टिकते, हे लेखी मागावे. थंडी, खोली आणि श्रम यांनी ती वेळ घटते, हेही लक्षात ठेवावे. ज्याला आकडे वाचण्याचा आळस आहे त्याला इलेक्ट्रॉनिक यंत्र निर्धास्त करते आणि हाताने चालवायचे यंत्र विसराळू माणसाला माफ करत नाही. आपण कोणत्या जातीचे हे जवळच्या माणसाला विचारलेले बरे. सर्व्हिसिंग, सेन्सर आणि सोडा लाइम आपण जिथे बुडी मारतो तिथे वेळेवर मिळते का, हा भारतातल्या खरेदीदारासाठी पडद्याच्या आकारापेक्षा मोठा प्रश्न आहे. सुटे भाग मिळत नाहीत म्हणून मुदत संपलेल्या सेन्सरवर ‘या एका ट्रिपपुरते’ भागवणे, हीच धोकादायक वागण्याची सुरुवात असते. जुने यंत्र, त्यातही मूळ मालकाने घरी फेरफार केलेले, स्वस्त असले तरी टाळावे. प्रशिक्षण नेमक्या त्याच मॉडेलवर घ्यावे. एका गाडीवर शिकून दुसरी चालवता येते, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

आणि मग स्वतःचे शरीर. रीब्रीदर परवडण्याचे वय बहुधा चाळिशीच्या पुढचे असते, आणि रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांचेही तेच. गळ्यापर्यंत पाण्यात शिरताच पायांतले रक्त छातीकडे ढकलले जाते. त्यात थंडी, श्रम आणि श्वास ओढण्याचा भार मिळाला की काहींच्या फुप्फुसांत पाणी भरते. अशा वेळी खोकला आणि धाप लागते, फेसाळ थुंकी येते आणि यंत्र पूर्णपणे ठीक असते. नियंत्रणात नसलेला रक्तदाब हे त्याचे एक प्रमुख कारण. नौदलाच्या पाणबुड्यांची नियमित वैद्यकीय तपासणी होते, मुंबईत कुलाब्याला या शास्त्राला वाहिलेली नौदलाची संस्था आहे. हौशी पाणबुडे मात्र फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ अशी खूण करून मोकळे होतात. कधी काळी आकडी आलेली असेल, फुप्फुसाला भोक पडून हवा छातीत शिरली असेल, दमा आटोक्यात नसेल किंवा जिने चढताना छातीत दाटून येत असेल, तर ती खूण खोटी असते आणि तिची किंमत पाण्याखाली चुकवावी लागते. चाळिशीनंतर ईसीजी, रक्तदाब आणि श्रमाची चाचणी यांचा खर्च यंत्राच्या किमतीपुढे नगण्य आहे.

शेवटी उरते ती यादी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वी वाचायची साधी तपासणी यादी आणली तेव्हा अनेक अनुभवी शल्यचिकित्सकांना तो अपमान वाटला होता. रुग्णाचे नाव, शस्त्रक्रियेची बाजू, भूलयंत्राची तपासणी, हे काय आम्हाला सांगायला हवे? आज ती यादी मोठ्याने वाचली जाते, कारण अनुभवी माणूस सोपीच गोष्ट विसरतो हे मान्य झाले आहे. २०१२ मध्ये अमेरिकेतील ऑर्लँडो येथे रीब्रीदरच्या सुरक्षेवर झालेल्या परिषदेनेही लेखी यादीचाच आग्रह धरला. बुडी मारण्याआधी पाच मिनिटे यंत्रावर श्वास घेऊन पाहण्याची पद्धत आहे. ती उपयोगी आहे, पण त्या पाच मिनिटांत शरीर सगळे बिघाड पकडते हा समज चुकीचा आहे. खड्यांतील अर्धवट दोष बहुतेकांना जाणवत नाही, हे प्रयोगांत दिसले आहे. खडे कधी भरले, सेन्सर कधी बदलले, टाक्या उघड्या आहेत का, सुटकेच्या टाकीत किती दाब आहे, हे कागदावर लिहूनच तपासावे लागते. बोट सुटायची घाई असली तरी, मित्र हसले तरी.

सरकारी रुग्णालयात सकाळच्या पहिल्या रुग्णाआधी भूलतज्ज्ञ यंत्र तपासतात. कालच तपासलेले असते, परवाही तपासलेले असते, तरीही नळ्या दाबून पाहतात, गळती बघतात, खडे बदलतात. वर्षानुवर्षे काही सापडत नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ज्याला हे कंटाळवाणे काम सुट्टीच्या दिवशी, समुद्रकिनाऱ्यावर, शंभराव्या बुडीआधीही पहिल्या बुडीइतक्याच निष्ठेने करता येईल असे वाटते, त्याने खुशाल रीब्रीदर पाहायला जावे. इतरांसाठी साधी टाकी आहे. तीत बुडबुडे येतात, मासे थोडे बुजतात आणि हवा संपत आली की श्वास जड होऊन ते लगेच कळते.